टाळूवर रंगवलेला बाप

लंडनमध्ये बांगलादेशी कुटुंबात जन्मलेला आणि कथक शिकलेला अक्रम खान 2011 सालच्या ‘देश’ या एकल नृत्यप्रयोगात बापलेकातलं अंतर मांडतो. वडील स्वयंपाकी. त्यांचं पात्र उभं करायला तो तुळतुळीत टाळूवर डोळे-तोंड रंगवतो आणि मान खाली घालतो. समोर म्हातारा दिसू लागतो, मुलाचा चेहरा मात्र झाकला जातो. ओळखीचा गुंता इतक्या थेटपणे दाखवणारी युक्ती मला दुसरी माहीत नाही. पुढे तो भाचीला मध शोधणाऱ्या मुलाची गोष्ट सांगतो. तिला दूरच्या बांगलादेशाचं फारसं काही वाटत नाही. तेव्हा पारदर्शक पडद्यावर पांढऱ्या रेषांचं जंगल, हत्ती, मगर उमटतात. रेषा नर्तकाच्या हालचालींशी काटेकोर जुळवल्यामुळे तो चित्रातल्या झाडावर खरंच चढताना दिसतो.