कागदावरचे ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे ॲव्हरेज : हायब्रीड घ्यावी की डिझेल?



आम्ही गट ऑफिसात आडसाली लागणीच्या नोंदी घेत बसलो होतो. साठीच्या घरातले एक सभासद आले आणि त्यांनी नोंदवहीवरच दोन कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके पसरली. "साहेब, उसाचं मागनं बघू. आधी सांगा, ह्यातली कुठली घेऊ?" एक पेट्रोलवरची हायब्रीड, तिच्या कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर असा आकडा छापलेला. दुसरी मोठी डिझेल गाडी. पोरगा म्हणतो हायब्रीड, जावई म्हणतो डिझेल. दहा वर्षे डिझेलवर काढलेली, त्यामुळे त्यांचे स्वतःचे मन जावयाकडे. पण २७.९७ हा आकडा काही डोळ्यांसमोरून हलेना.

आम्ही शेतीचे डिप्लोमावाले, मोटारीचे नव्हे. तरी प्रश्न साधा नाही. वीस लाखांची गाडी म्हणजे टनाला तीन हजार धरले तर साडेसहाशे टनांच्या वर ऊस झाला, आणि तोही तोडणी, खत, पाणीपट्टी काहीच वजा न करता. तेव्हा आम्ही थोडे वाचले, थोडी आकडेमोड केली. ती येथे देत आहोत. हा प्रश्न आता एकट्या तात्यांचा राहिलेला नाही, दर गटात कोणी ना कोणी विचारतोच.

प्रथम तो २७.९७. हा आकडा खोटा नाही. पण तो प्रात्यक्षिक प्लॉटावरचा एकरी उतारा आहे, आपल्या शिवारातला नव्हे. आपल्याकडे गाडीची चाचणी ठरलेल्या पद्धतीने होते. गाडी रस्त्यावर न्यायची नाही, रुळांवर उभी करायची आणि जागच्या जागी चाके फिरवायची. चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही कमी. त्यात जास्तीत जास्त वेग ताशी ९०, तोही थोडा वेळ. बाकी सगळे थांब-निघ, थांब-निघ. चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर वहिनी नाहीत आणि डिकीत नव्या तांदळाचे पोते नाही. एसीही बंद. अशा चाचणीत कोणतीही गाडी रस्त्यापेक्षा जास्त ॲव्हरेज दाखवणारच. हायब्रीड तर जरा अधिकच दाखवते, कारण थांब-निघ हेच तिचे मोठे बळ.

हे दुखणे फक्त आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत टोयोटाच्या प्रियस हायब्रीडवर पूर्वी शहरात गॅलनला ६० मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला २५.५ किमी, असा सरकारी शिक्का होता. लोकांनी गाड्या घेतल्या, टाक्या भरल्या, वह्या मांडल्या आणि ओरड केली की एवढे पडत नाही. शेवटी तिथल्या पर्यावरण खात्याने २००८ च्या मॉडेलांपासून चाचणीच बदलली. वेगाने पळणे, एसी चालू ठेवणे, थंडीत गाडी चालू करणे हे सगळे त्यात घेतले. त्याच प्रियसचा शहरातला आकडा ४८ वर, म्हणजे २०.४ किलोमीटरवर आला. गाडी तीच, फक्त मोजमाप खरे झाले.

फोर्डच्या सी-मॅक्स हायब्रीडचे तर याहून हसे झाले. ४७ मैल सांगून विकली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते ४३ करावे लागले आणि ज्यांनी गाडी विकत घेतली होती त्यांना कंपनीने प्रत्येकी ५५० डॉलर दिले. २०१४ साली पुन्हा खाली आणून ४० केले. आमच्याकडे असा परतावा कोणी दिल्याचे ऐकिवात नाही!

आता डिझेलशी तुलना. नव्या पद्धतीने मोजलेले २००९ सालचे दोन आकडे समोर ठेवतो, कारण दोन्ही गाड्यांना एकच तराजू लावला होता. प्रियस हायब्रीड : शहरात २०.४, हमरस्त्यावर १९.१. फोक्सवॅगनची जेटा डिझेल : शहरात १२.८, हमरस्त्यावर १७.४. नीट बघा, शहरात साडेसात किलोमीटरचा फरक आणि हमरस्त्यावर पावणेदोनचाच. डिझेल गाडी हमरस्त्यावर साडेचार किलोमीटरने वर चढते, हायब्रीड उलट थोडी उतरते. गाड्या आता जुन्या झाल्या, नव्या अधिक चांगल्या आहेत. पण हा कल आजही तोच आहे. (त्या जेटाचे पुढे २०१५ साली काय निघाले ते अनेकांनी पेपरात वाचले असेल. चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवायचा आणि रस्त्यावर सोडून द्यायचा, अशी तजवीज गाडीच्या संगणकातच केलेली होती. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या.)

असे का होते, ते आपल्या कारखान्यावरून समजून घेणे सोपे जाईल. एके काळी बगॅस ही डोकेदुखी वाटे, आज तोच जाळून वाफ आणि वीज होते. हायब्रीडमध्ये तसेच आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रीडमध्ये ब्रेक दाबला की मोटार उलटी चालून वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि पुढच्या वेळी गाडी हलवायला उपयोगी पडते. शिवाय सिग्नलला किंवा बाजाराच्या गर्दीत इंजिन आपोआप बंद राहते. वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टर चालू ठेवून चहाला जाणारे आमचे ड्रायव्हर बंधू आम्हाला येथे आठवतात, पण तो विषय वेगळा. गाडीला बाहेरून चार्जिंग लावावे लागत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

परंतु कराडहून पुण्याला शंभरच्या वेगाने सलग निघालात तर ब्रेक लागतो कुठे? जमा करायला वीजच नाही. मग सगळे काम पेट्रोल इंजिन करते, आणि मोटार व बॅटरीचे वजन बसल्या पाहुण्यासारखे बरोबर येते. खंबाटकी घाट उतरताना बॅटरी भरते खरी, पण लहान हायब्रीड मोटारींची बॅटरी पाऊण युनिटाचीच असते. ती लवकर भरते, पुढचा उतार पुन्हा वाया. आणि वेगाचे म्हणाल तर वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो. कागदावरच्या ९० च्या चाचणीला हे ठाऊकच नाही.

डिझेलचे बळ निराळे आहे. एक लिटर पेट्रोलपेक्षा एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० ते १२ टक्के ऊर्जा जास्त असते. इंजिनात दाबही जास्त, त्यामुळे ओझे घेऊन संथ, सलग चालताना ते किफायतशीर पडते. सात माणसे आणि सामान घेऊन लांबचा पल्ला हे डिझेलचेच शिवार, असे आमचे मत आहे.

पण तात्यांचे शिवार ते नव्हे. घर ते मळा, मळा ते सोसायटी, सोसायटी ते तालुका. सकाळपासून चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या, पुण्याला महिन्यातून एकदा. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला इंजिन चांगले तापून सलग चालावे लागते. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही, काजळी साठते, लाल दिवा लागतो, आणि ती जाळताना डिझेल जादा जाते ते वेगळेच. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीला हे सोंग नव्हते. जुन्या अनुभवावर नवी डिझेल घेणारांनी एवढे ध्यानात ठेवावे. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत युरियाचे पाणीही वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते साडेबत्तीस टक्क्यांचे, शुद्ध, तयार मिळते. कृपा करून कोणी शेतातल्या पोत्यातला युरिया बादलीत कालवून ओतू नये. असा एक जण आम्हाला भेटला आहे म्हणून लिहितो.

आता पैशाचा हिशेब. लिटरला किती किलोमीटर हे विचारू नका, किलोमीटरला किती रुपये ते विचारा, कारण पेट्रोल आणि डिझेलचा भाव एक नाही. हिशेबापुरते पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरू. आपण आपल्या पंपावरचा दर घालावा. वरच्याच दोन गाड्यांचे आकडे गोल करून घेतो. शहरात हायब्रीड २०, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये २० पैसे. डिझेल १३, म्हणजे ७ रुपये. वर्षाला १५ हजार किलोमीटर असेच फिरलात तर २७ हजारांची बचत. हमरस्त्यावर मात्र हायब्रीड १९, म्हणजे ५ रुपये ४७ पैसे आणि डिझेल १७, म्हणजे ५ रुपये ३५ पैसे. ॲव्हरेज हायब्रीडचे जास्त, पण पैशात डिझेल बारा पैशांनी स्वस्त! एवढ्या फरकावर भावकीत वाद घालू नये.

यात आपल्याच घरचा एक मुद्दा आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. देशाने २०२५ साली हा टप्पा गाठला आणि त्यात आपल्या उसाचा वाटा आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले आहे की वीस टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारीत ॲव्हरेज १ ते २ टक्के घटेल, जुन्या घडणीच्या मोटारीत ६ ते ७ टक्के. वरच्या हिशेबातली हायब्रीड हमरस्त्यावर १९ ऐवजी १८ वर आली तर किलोमीटरला ५ रुपये ७८ पैसे पडतात आणि डिझेल ४३ पैशांनी पुढे जाते. शहरात मात्र हायब्रीडची आघाडी एवढ्याने मोडत नाही. इथेनॉलमुळे जे ॲव्हरेज जाते ते हायब्रीडमुळे भरून निघावे, हा विचार करूनच ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते इनोव्हा हायक्रॉसची इथेनॉल-हायब्रीड नमुना गाडी दाखवण्यात आली. उसाच्या दृष्टीने ही गोष्ट डिझेलहून आपल्या जवळची आहे. तरीपण इथेनॉलच्या प्रेमापोटी कोणी तोट्यातली गाडी घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही.

आणखी एक सावधगिरी. शोरूममध्ये 'हायब्रीड' म्हणून सांगतात तेव्हा माइल्ड की स्ट्राँग हे विचारा. माइल्डमध्ये लहानशी मोटार इंजिनाला फक्त हात लावते, गाडी एकट्या विजेवर चालत नाही. तिच्याकडून वरचे आकडे अपेक्षू नयेत. स्ट्राँग हायब्रीड साध्या पेट्रोल गाडीपेक्षा महाग असते. समजा अडीच लाखांनी. साधी पेट्रोल शहरात १४ देते असे धरले तर किलोमीटरला २ रुपये २३ पैसे वाचतात. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे अडीच लाख साडेसात वर्षांत वसूल होतील. आठ हजारच फिरणाऱ्याला चौदा वर्षे लागतील, आणि कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे. गाडी किती फिरते हे आधी माहीत पाहिजे.

तात्यांना आम्ही विचारले, वर्षाला किती किलोमीटर होतात? "व्हत असतील की पंधरा-वीस हजार." त्यातले हमरस्त्यावर किती? त्यावर ते गप्प. मग आम्ही आमच्या जीपमधली वही दाखवली. पद्धत सोपी आहे. टाकी पहिल्या कट-ऑफपर्यंत भरायची, मीटर लिहायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर, पुन्हा पहिल्या कट-ऑफपर्यंत भरायची, लिटर आणि मीटर लिहायचे. मागच्या वेळी ६१२ किलोमीटरला ५१ लिटर बसले, म्हणजे १२. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, सलग पाच-सहा टाक्यांची बेरीज घ्यावी. गाडीतल्या पडद्यावर दिसणारा आकडा वहीशी ताडून पाहिल्याशिवाय धरू नये. आणि प्रत्येक ओळीपुढे 'गावात' की 'हायवे' एवढे एक अक्षर टाकावे, गा किंवा हा.

तात्यांनी गाडी अजून घेतलेली नाही. पण परवा तोडणीच्या तारखेसाठी आले तेव्हा खिशातून डायरी काढून दाखवली. दोन महिन्यांत १,१०० किलोमीटर, त्यांतले ८४० 'गा'. वर्षाचे पंधरा-वीस हजार म्हणणारे गृहस्थ साडेसहा हजारांवर आले आहेत. "म्हंजे साहेब, आता हायचीच सर्व्हिसिंग करून दोन वर्षं काढावी का?" असे विचारत होते.