जुनेर, धावदोरा आणि घर

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक साधी गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर धरलं, तर तिच्यावर लांबीने 96 ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे एकूण 576 फूट, जवळपास 175 मीटर शिवण. इंचाला चार टाके मोजले तर साडेसत्तावीस हजारांहून जास्त टाके होतात, आणि प्रत्येक टाक्याला सुई चार-पाच थरांतून आरपार न्यावी लागते.

एवढी मेहनत अंगावर वागवणारी ही वस्तू रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा माजघरातल्या वलणीवर पडून असते. पाहुणे येणार म्हटलं की ती आत जाते आणि पलंगावर बाजारातली चादर येते. घर सजवायचा विषय निघाला की पडदे, कुशन, भिंतीवरच्या चौकटी आठवतात. गोधडी आठवत नाही, कारण तिला आपण अंथरूण-पांघरूण या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. घरातल्याच कापडातून, घरातल्याच हातांनी घराला रंग देण्याची कोकणातली सगळ्यांत पक्की रीत मात्र तिचीच आहे. तोरण, दुपटं, रुमाल, रुखवतातले जिन्नस हे सगळं त्याच हाताचं काम.

पोटातले थर

गोधडी महाराष्ट्रभर शिवली जाते. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. रत्नागिरीत तिचं महत्त्व वाढतं ते पावसामुळे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा हवेत कापूस भरलेली जाड गादी ओल धरते आणि ती वाळवायला ऊन मिळत नाही. सुती कापडाचे थर एकमेकांवर टाचून केलेली गोधडी पातळ असते, घडी घालून उचलता येते आणि चुलीजवळच्या वलणीवर टाकली तरी सुकते. म्हणूनच तिची सगळी कामं पावसाआधी उरकायची असतात. जुन्या गोधड्या वैशाखात पऱ्यावर नेऊन धुवायच्या, कातळावर पसरून कडक उन्हात वाळवायच्या, आणि नवी शिवायची असेल तर तीही त्याच दिवसांत हातावेगळी करायची.

तिचा कच्चा माल म्हणजे जुनेर. वापरून विटलेलं, पण अजून जीव असलेलं सुती लुगडं. नव्या कापडात खळ असते, ते ताठ असतं आणि सुईला अडतं. शेकडो धुण्यांनंतर सूत मऊ पडतं, खळ निघून जाते, आणि सुई सहज आत शिरते. नऊवारी लुगडं दुमडून वरचा आणि खालचा पदर होतो. मध्ये धोतरं, पंचे, फाटक्या चादरी, सदऱ्यांच्या पाठी असं काहीही जातं. पोटातले तुकडे कडेला कडा लावून सपाट अंथरावे लागतात. एकावर एक आले तर तिथे गाठ बसते आणि ती रात्री पाठीला टोचते.

सारवलेल्या खळ्यात किंवा ओटीवर थर पसरले की आधी लांब कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घेतात. मग खरा धावदोरा सुरू होतो. पुष्कळ जणी कडेपासून सुरुवात करतात आणि चौकोनात चौकोन करत मधल्या बिंदूपर्यंत येतात. त्यामुळे कडा आधी बांधल्या जातात, आणि थरांतली सैल जागा आत सरकत सरकत शेवटी मध्यावर जिरते. बोटात अंगुस्तान, गुडघ्याखाली कापडाचा ताण आणि दोन ओळींतलं अंतर मोजायला स्वतःच्याच बोटाचं पेर, एवढ्या सामग्रीवर काम होतं.

या कामात एक देखणी गोष्ट घडते. थर धरून ठेवणारा टाका आणि नक्षी दिसणारा टाका एकच असतो. नक्षीसाठी वेगळं काहीच चिकटवलेलं नसतं. धावदोरा कापडाला किंचित आवळतो, दोन ओळींच्या मध्ये बारीक फुगवटे उठतात, त्यांत हवा अडकते आणि तीच ऊब देते. लाल काठाच्या लुगड्याचा तुकडा कुठे ठेवायचा, हिरव्या खणाचा त्रिकोण कोपऱ्यात घ्यायचा की मध्ये, पांढरा दोरा चालेल की पिवळा, हे निर्णय शिवणारीचे असतात. त्यांतूनच एका घरची गोधडी दुसऱ्या घरच्या गोधडीहून वेगळी ओळखू येते.

गिरणगावातून आलेलं कापड

या कापडाचा एक धागा मुंबईला जातो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली उभारायला घेतली. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांना माणसं पुरवणारा सगळ्यांत मोठा मुलूख ठरला तो रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा बराचसा भाग मिळून. 1911च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे या जिल्ह्यात जन्मलेले होते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत, तेव्हा गाठोड्यात कापड असायचंच.

त्या कापडाला घामाचा हिशेबही होता. विणताना बिघडलेलं कापड विणकराच्याच माथी मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची, अशी प्रथा मुंबईच्या गिरण्यांत होती. कामगारांच्या तक्रारींत ती पुन्हा पुन्हा येते. म्हणजे ज्याने कापड विणलं त्यालाच ते विकत घ्यावं लागे. गावी त्याच्या बायकोच्या, आईच्या हाती असं कापड आलं की ते वाया जाणं शक्यच नव्हतं. लुगडं झालं, मग परकर झाला, मग बाळाचं दुपटं, मग गोधडीचा थर आणि अगदी शेवटी पायपुसणं. एका वाराच्या कापडाला इतकी आयुष्यं देणारी ही काटकसर घराच्या गरजेतून आली, आणि तिच्यातूनच रंगांची जाणही घडली.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. याच सुमारास पॉलिस्टरच्या साड्या घरोघरी पोचल्या होत्या. त्या विटत नाहीत, लवकर वाळतात, पण गोधडीला निरुपयोगी. कापड सुळसुळतं, थर घसरतात, घाम शोषला जात नाही. गोधडी मागे पडण्याला आळस नव्हे, तर जुनेराचा तुटवडा हे मोठं कारण आहे.

पानापासून रुखवतापर्यंत

टाचण्याची सवय कोकणात कापडाच्याही आधी पानापासून लागत असे. दापोली तालुक्यातल्या पालगडला 24 डिसेंबर 1899 रोजी जन्मलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये ‘पत्रावळ’ नावाची एक पूर्ण रात्र याच कामाला दिली आहे. पानं जोडून पत्रावळ लावायला श्याम आधी कंटाळा करतो आणि मग शिकतो. घरातल्या मुलालाही हे आलंच पाहिजे, अशी त्या घराची शिस्त आहे. आचार्य अत्र्यांनी 1953 साली याच पुस्तकावर काढलेल्या चित्रपटात द्रौपदीने कृष्णासाठी फाडलेल्या चिंधीचं गाणं आहे. आजही ते मराठी घरांत गुणगुणलं जातं.

दसऱ्याच्या सुमारास भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं, कुर्डू आणि झेंडू एकत्र बांधून दाराला ‘नवं’ लावतात. शेतातलं पीक घराच्या चौकटीवर येतं आणि तेच दाराचं अलंकरण ठरतं. बारशाला आजीच्या मऊ लुगड्याचं दुपटं, झबलं, टोपडं आणि कुंची. लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकामाचे अभ्रे. मुलीच्या हातात किती टाके आहेत याचं ते जाहीर प्रदर्शनच असे. साखळी टाका, गहू टाका, काजाचा टाका, माशाचा काटा ही नावं तोंडपाठ असणाऱ्या बायका जिल्ह्यात आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या या ज्ञानाची नोंद कुठल्याही प्रमाणपत्रावर नाही.

चाक आलं तेव्हा

इलायस हाउ या अमेरिकन माणसाने 1846 साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. सुईचं नेढं टोकाकडे आणलं आणि खालून दुसरा दोरा देऊन गाठ अडकवली, ही त्यातली मूळ युक्ती. पुढे सिंगर कंपनीने ते यंत्र जगभर घरोघरी नेलं. यंत्रांबद्दल सावध असलेल्या गांधीजींनी 1924 साली एका मुलाखतीत सिंगरच्या शिवणयंत्राचा मुद्दाम अपवाद केला होता, कारण ते माणसाचं कष्टाचं काम हलकं करतं. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. बायकांना चार पैसे मिळवून देणारं काम म्हणून शिवण महाराष्ट्रात रुजली, त्यात अशा संस्थांचा वाटा मोठा. 1930च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा मशीन आणलं आणि देशी यंत्र मध्यमवर्गीय घरांत शिरलं.

रत्नागिरीत मशीन सांभाळणं हे वेगळं कसब आहे. खारी दमट हवा लोखंडाला सोडत नाही. पावसाळ्यात मशीन कापडाने झाकून ठेवायचं, बॉबिनची पेटी पुसायची, तेल नियमित द्यायचं, कामाआधी टाकाऊ चिंधीवर चार टिपा मारून तेल उतरवायचं, हे शिवणक्लासच्या पहिल्या धड्यांतलं शिक्षण.

मशीनने पडदे, अभ्रे, झालरी झटपट होतात. गोधडीही होते, पण वेगळी. मशीनची टीप दोन दोऱ्यांची, घट्ट आणि सलग असते. ती थर दाबून टाकते, म्हणून गोधडी टिकाऊ होते पण ताठ राहते. हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याचा, वर-खाली जाणारा. तो कापडाला श्वास घ्यायला जागा ठेवतो. तुकडे मशीनवर जोडायचे आणि थर हाताने टाचायचे, ही आज अनेक जणींनी काढलेली शहाणी वाट आहे.

घरातून बाहेर

हेच काम इतर ठिकाणी कुठवर गेलं ते पाहण्यासारखं आहे. कोकणच्या दक्षिणेला, उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्याही कडेपासून मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांत कापडी फुलं लावतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या छोट्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत लागल्या. 2006 साली त्यांवर टपाल तिकिटं निघाली. त्या बायकांचं कापड, सुई आणि गरज आपल्या आज्यांसारखीच होती. फरक पडला तो कुणीतरी ते काम भिंतीवर, प्रकाशात आणि कर्तीच्या नावासह लावल्यामुळे.

रत्नागिरीत याची सुरुवात करायला जागा आहेत. जिल्हा परिषदेतर्फे गणपतीपुळ्याला बचत गटांचं ‘सरस’ प्रदर्शन भरतं. पर्यटकांच्या वाटेवरची ती जागा आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. हाताने गोधडी शिवणारीचा मात्र त्या यादीत वेगळा उल्लेख नाही. तिला शिंपीण म्हणून नाव लावावं लागेल, किंवा यादी वाढवण्याची मागणी करावी लागेल. जिल्ह्यातल्या बचत गटांनी ही मागणी लावून धरावी.

ज्यांना घरीच सुरुवात करायची आहे त्यांनी पूर्ण गोधडीच्या वाटेला एकदम जाऊ नये. दीड फूट चौरस आसन किंवा उशीचा अभ्रा पुरे. कपाटातली एक सुती साडी, आतून एक जुना पंचा, जाड सुती दोऱ्याचं रीळ. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावं, नाहीतर शिवल्यावर थर वेगवेगळे आटतात. सुती आणि पॉलिस्टर एकत्र करू नये. कच्चे टाके शेवटची ओळ झाल्याशिवाय उसवू नयेत. हा हात बसला की काठांच्या पट्ट्यांचं तोरण, खणाच्या तुकड्यांचा टेबलरुमाल, दिवाणावरचं पांघरूण हे पुढचे टप्पे.

आणि विकत घेणाऱ्यांनी गोधडी उलटून पाहावी. मागच्या बाजूचे टाके पुढच्याइतकेच सारखे असतील, हात फिरवल्यावर गाठ लागत नसेल, कोपरे चौरस बसले असतील, तर ते चांगलं काम. ती कोणी शिवली, किती दिवस लागले, आत कोणतं कापड आहे हे विचारावं, आणि शिवणारीचं नाव लिहिलेली कापडी पट्टी कोपऱ्यात लावून मागावी. घासाघीस करण्याआधी ओळी मोजाव्यात.