‘मशीनवर घेऊ का?’ सही करण्याआधी विचारायचा प्रश्न

वस्तीतल्या कार्यकर्त्याला रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनांपैकी एक ठरलेला असतो. “दादा, डॉक्टर म्हणतात हार्ट फेल आहे, मशीनवर घ्यावं लागेल. सही करू का?” रक्ताची पिशवी मिळवणे, रेशनकार्ड पोहोचवणे ही कामे आपल्याला जमतात. या प्रश्नापाशी मात्र आपण गप्प होतो. म्हणून ही यंत्रे काय करतात आणि काय करू शकत नाहीत, ते समजून घेऊ.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, पण शरीराला पुरेल इतके रक्त ढकलण्याची त्याची ताकद उरलेली नसते. अनेक रुग्ण गोळ्या घेऊन, मीठ-पाणी मोजून वर्षे काढतात. मोठ्या झटक्यानंतर किंवा हृदयाच्या स्नायूला सूज आल्यावर मात्र रक्तदाब इतका घसरू शकतो की मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना रक्त पुरत नाही. यंत्राचा विषय निघतो तो इथे.

‘मशीन’ हा शब्द फसवा आहे. व्हेंटिलेटर श्वासासाठी असतो, हृदयासाठी नाही. बलून पंपात जांघेतल्या धमनीतून महाधमनीत एक फुगा नेतात. तो ठोक्यांच्या तालावर फुगतो, मिटतो आणि हृदयाला थोडा हातभार लावतो. एक्मो हे फार मोठे काम. जाड नळीने रक्त शरीराबाहेर काढायचे, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि पंपाने परत धमनीत सोडायचे, म्हणजे हृदय आणि फुप्फुस दोघांचेही काम.

एवढे मोठे यंत्र म्हणजे रुग्ण वाचणारच, असे घरच्यांना वाटते. अभ्यास काय सांगतात? झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या ६०० रुग्णांवर जर्मनीत झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बलून पंपामुळे महिन्याभरातले मृत्यू कमी झाले नाहीत. २०२३ मध्ये अशाच सुमारे ४२० रुग्णांवरची एक्मोची चाचणी आली. सरसकट लवकर एक्मो लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत, दोन्हीकडे जवळपास निम्मे रुग्ण ३० दिवसांत दगावले. रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा अडण्याचा त्रास एक्मोच्या गटात जास्त होता. मग यंत्रे निरुपयोगी? तसेही नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसवायच्या छोट्या पंपाने निवडक रुग्णांतले सहा महिन्यांतले मृत्यू शंभरात ५८-५९ वरून ४६ पर्यंत आणले, हे २०२४ च्या चाचणीत दिसले. पण झटक्यानंतर बेशुद्धच राहिलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. यंत्राइतकेच महत्त्व रुग्ण कोणता, याला आहे.

डॉक्टर एक्मोला ‘ब्रिज’ म्हणतात. हा पूल काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. पलीकडे तीनच काठ : हृदय स्वतः सावरणे, एलव्हीएडी नावाचा कायमचा पंप, किंवा प्रत्यारोपण. सुजेने थकलेले तरुण हृदय पुष्कळदा सावरते. म्हणून सहीआधी विचारायचे ते एवढेच : “डॉक्टर, हा पूल आमच्या पेशंटला कुठे नेणार आहे? आणि तिथे पोहोचता आले नाही तर यंत्र केव्हा थांबवायचे?” हे विचारणे उद्धटपणा नाही. उत्तर न मिळता जमीन गहाण पडलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

एलव्हीएडीची वायर पोटातून बाहेर येते आणि बॅटरीला जोडलेली असते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा पंप म्हणजे रोजची काळजी. प्रथमोपचार करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : अशा माणसाची नाडी हाताला लागेलच असे नाही. किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची.

प्रत्यारोपणाची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी देशातले पहिले हृदय बदलले. रुग्ण काही तासच जगला. यश मिळाले ते १९९४ मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये. आज शस्त्रक्रिया जमते, हृदय मिळत नाही. ते प्रामुख्याने मेंदूमृत दात्याकडून येते आणि आपल्या वस्त्यांत अवयवदानाबद्दल आपणही फारसे बोलत नाही.

पैशाचे काय? महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन त्याच रात्री तिथल्या समाजसेवकाला गाठा. महात्मा फुले योजनेत सुचवलेले उपकरण बसते का, हे आरोग्यमित्राला यंत्र लावण्याआधीच विचारा, नंतर नव्हे.

आणि थांबवण्याबद्दल. सुधारणेची आशा नसताना, ठरलेली वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया पाळून जीवरक्षक यंत्रणा काढता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. “आम्हीच मारलं का?” असे विचारणाऱ्या मुलाला हे शांतपणे सांगायला त्या वेळी कुणीतरी शेजारी बसलेले असावे लागते.