दसऱ्याच्या पानांचं झाड

(इवले हात : लेखांक ६)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकमधल्या बहुतेक घरांत आपट्याची पानं कुठे ना कुठे पडलेली असतात. देवापुढे, टीव्हीशेजारच्या वाटीत, आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात, स्कूटरच्या डिकीत. लुटून झालेलं हे सोनं चार-आठ दिवसांत वाळतं, चुरगळतं आणि केराबरोबर जातं. मागच्या लेखांकात पोळ्याचे मातीचे बैल झाले. या आठवड्यात याच पानांचं झाड करायचं आहे, आणि ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी करायचं आहे, त्यांच्या आईबाबांनी नव्हे.

हस्तकलेच्या पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत जे शरदातलं झाड दिसतं, ते हमखास नारिंगी-लाल मेपलचं असतं. ऑक्टोबरात पानं अशी रंगतात ती थंड मुलुखात; तिथे दिवस आखूड होतात, गारठा वाढतो आणि झाडं आवराआवर करू लागतात. नाशिकला त्या सुमारास पाऊस नुकता सरलेला असतो आणि पांडवलेण्यांच्या डोंगरावरचं हिरवं अजून ओसरलेलं नसतं. इथली पानगळ खरी शिशिरातली, आणि तिचं मुख्य कारण कोरडेपणा. जमिनीतली ओल उतरली की पानांवाटे पाणी उडून जाणं झाडाला परवडत नाही, म्हणून साग, पळस, काटेसावर पानं टाकून देतात. पेठ-हरसूलकडच्या सागाच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडी चाललं, तर पायाखाली पापडांची चळत मोडावी तसा आवाज येतो. हा आवाज ओळखीचा असलेल्या मुलांना मेपल कशाला चिकटवायला लावायचं?

हा आग्रह काही नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात कुठून आणायची, हा प्रश्न होताच. त्यांनी आणि अनुताई वाघांनी उत्तर आसपासच शोधलं: बिया, शंखशिंपले, काटक्या, पानं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेपर्यंत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिला नावही कुरणशाळा असंच पडलं. आज प्रत्येक गावात दिसणाऱ्या अंगणवाडीच्या मुळाशी याच दोघींचं काम आहे. तिथे पान हे चिकटवण्याआधी मोजायचं, वास घ्यायचं, लहानमोठं लावायचं साधन होतं. घरातही क्रम तोच ठेवावा.

तर आधी पानं नुसती पसरून द्यावीत. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं असतं. मधल्या शिरेवर दुमडलं की एक पाळी दुसरीवर नीट बसते. हे मुलाला सांगू नये, त्याला सापडू द्यावं. ढिगात काही पानं जास्त मोठी निघाली, तर ती बहुधा कांचनाची असतील. बाजारात आपटा म्हणून कांचन सर्रास विकला जातो. तेही घ्यावं. मात्र झाडासाठी म्हणून नव्या फांद्या तोडू नयेत, दसऱ्याने आपट्याला आधीच पुरेसं ओरबाडलेलं असतं.

पानं पूर्ण वाळली की चिकटवताना तुटतात. रद्दीच्या घड्यांत घालून वर पाट ठेवला की तीन-चार दिवसांत ती सपाट होतात आणि जराशी लवचीकही राहतात. तोवर किराणा दुकानातून खोक्याचा पुठ्ठा आणून ठेवावा. खोडासाठी खाकी कागद उत्तम: मुलांनी तो चुरगळायचा, पुन्हा उलगडायचा, मग लांब पट्ट्या फाडून त्यांना पीळ द्यायचा. या फाडण्या-पिळण्यात बोटांना जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो, त्यामुळे इथे घाई करू नये आणि कात्री तर मुळीच देऊ नये. पिळाचं एक टोक उसवून मुळं पसरायची, दुसऱ्या टोकाच्या फांद्या करायच्या.

चिकटवायला घरची खळ बरी. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचा, की झालं. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. मुलांच्या कामात तो विषारी पदार्थ अजिबात नको. रस्त्याच्या दुभाजकांवरची कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टीही यादीतून बाद, कारण दोन्ही झाडं विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा तीही नको.

खोडासाठी द्राक्षाच्या काडीचा मोह नाशिककरांना होणारच. निफाड-दिंडोरीकडे याच दिवसांत ऑक्टोबर छाटणी चालते आणि बांधावर वळणावळणाच्या काड्यांचे ढीग पडतात. दिसायला सुरेख, पण त्यांच्यावर हंगामभराच्या फवारण्या झालेल्या असतात, आणि छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून बागेत हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते रसायन बाधणारं आहे. मुलांना तिकडे नेऊ नये. अंगणातल्या कडुनिंबाची वाळकी काटकी तेवढीच चालते.

झाड पुरं झालं की मोठ्यांचे हात शिवशिवतात. एक पान उलटं लागलेलं असतं, सगळी गर्दी एकाच फांदीवर झालेली असते, खोड कललेलं असतं. राहू द्यावं. गोदाकाठची वादळवारं सोसलेली झाडं तरी कुठे सरळ उभी आहेत!

पुठ्ठा भिंतीला लावून ठेवला तर काम पुढे चालू राहतं. हिवाळा सरताना सोसायटीतला देशी बदाम लाल होऊ लागतो. पानातलं हरितद्रव्य मोडतं, त्यातलं कामाचं नत्र झाड खोडात परत ओढून घेतं, आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. पाच वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे, की झाड पान टाकण्याआधी त्यातला खाऊ काढून घेतं. रोज खाली पडलेलं एकेक पान आणून हिरवं, पिवळं, लाल अशा ओळीत मांडलं, तर पुढचं त्याचं तो विचारतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुठ्ठ्यावरचा आपटा तपकिरी होऊन झडायला लागलेला असतो. पडलेली पानं पुन्हा चिकटवू नयेत. बाहेर पळस आणि काटेसावर त्याच वेळी निष्पर्ण होऊन फुललेले असतात, तेव्हा रिकाम्या फांद्यांवर लाल-केशरी पतंगाच्या कागदाचे बोळे लावायचे. संक्रांत होऊन गेलेली असते, येवल्याकडे तर ती तीन दिवस चालते. फाटक्या पतंगांना त्या दिवसांत तोटा नसतो.

(पुढील लेखांकात : मातीच्या पणत्या आणि दिवाळीचा किल्ला)