आगगाडी अडली कशाने?

तुमच्यापैकी कुणाकुणाकडे रुळांवरून धावणारी विजेची आगगाडी आहे? सेलवर चालणारी, प्लॅस्टिकच्या रुळांची नव्हे बरं का! धातूचे रूळ, भिंतीतल्या प्लगला लावायचा ट्रान्सफॉर्मर आणि वेग कमी-जास्त करायची कळ असलेली. कुणाचा मामा, कुणाची आत्या ती परदेशातून आणते. चार दिवस घर नुसतं दणाणून जातं. मग एके दिवशी गाडी अडखळू लागते. ढकललं की चालते, पुन्हा थांबते. घरचे म्हणतात, "बिघडली वाटतं!" आणि महागाची गाडी जाते माळ्यावर.

अशी गाडी पुष्कळदा बिघडलेली नसतेच. रूळ मळलेले असतात.

त्याचं असं आहे. या गाड्यांच्या पोटात बहुधा सेल नसतो. ट्रान्सफॉर्मर साधारण 12 व्होल्टची वीज रुळांना पुरवतो. एका रुळातली वीज चाकावाटे मोटारीत शिरते आणि पलीकडच्या चाकावाटे दुसऱ्या रुळात परत जाते. म्हणजे रूळ ही नुसती वाट नाही, ती तारसुद्धा आहे! आणि चाक रुळाला टेकतं किती? मोहरीच्या दाण्याहूनही कमी जागेवर. तेवढ्यात मळाचा पापुद्रा आला की वीज अडलीच.

मळ येतो कुठून म्हणाल, तर आपल्या संभाजीनगरच्या उन्हाळ्यात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं! त्या धुळीत इंजिनाचं तेल आणि आपल्या बोटांचा घाम मिसळतो. शिवाय चाक आणि रुळामध्ये बारीक ठिणग्या उडतात, त्यांनी धातूवर काळा थर चढतो. चाकं तो उचलून सगळ्या रुळांवर सारवत फिरतात.

आता सफाई. आधी प्लग काढा. गाडी बाजूला ठेवा. मऊ ब्रशने धूळ झाडा. मग आपलं साधं पेन्सिलचं खोडरबर रुळाच्या फक्त वरच्या कडेवरून फिरवा. ते काळं झालेलं बघून आईसुद्धा चकित होईल! रबराचा चुरा मात्र कण न् कण उचला, नाहीतर तो इंजिनाच्या दातेरी चाकांत अडकतो. शेवटी धागे न सुटणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब लावून रूळ पुसा. हे काम बाबांनी किंवा ताईने करायचं, खिडकी उघडी ठेवून, आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. ते चटकन पेट घेतं. रूळ पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका. डब्यांची आणि इंजिनाची चाकंही पुसा, नाहीतर दोन फेऱ्यांत रूळ पुन्हा काळे!

काचकागद मात्र अजिबात वापरायचा नाही. रूळ चकचकीत दिसतो खरा, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच घर करतो. आजी पितळेचा तांब्या चिंचेने घासते, तसंही करू नका. चिंचेचं आम्ल सांध्यांत राहिलं तर धातू खातं.

खोलीभर पसरलेली अशी छोटी रेल्वे बघायची असेल, तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं संग्रहालय आहे. ते 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झालं. गाड्या, सिग्नल, पूल, सगळं इवलंसं! तिथे गेलात तर गाड्यांइतकंच रुळांकडेही बघा.

आणि गंमत म्हणजे, खऱ्या रेल्वेतही रुळांतून वीज खेळते. पुष्कळ ठिकाणी रुळांत हलकासा प्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात आणि सिग्नलच्या यंत्रणेला कळतं, इथे गाडी उभी आहे. रुळावर गंज चढला असेल तर गाडी असूनही यंत्रणेला ती दिसेनाशी होऊ शकते. तिथे प्रश्न खेळण्याचा नाही, माणसांच्या जिवाचा असतो.

तुमच्याकडे गाडी नाही? हरकत नाही. मिणमिणणारा टॉर्च घ्या. सेल बाहेर काढा. पांढरी पूड दिसली तर हात न लावता मोठ्यांना सांगा. नसेल तर सेलची दोन्ही टोकं आणि टॉर्चमधली पत्री खोडरबराने घासा, कापडाने पुसा आणि सेल पुन्हा बसवा. प्रकाशात फरक पडला का?