गोठलेल्या भूमीवरून मित्रांच्या गावी

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन हा विस्तीर्ण आणि विरळ वस्तीचा प्रदेश आहे. उत्तरेकडील एखाद्या गावात शिक्षक, परिचारिका किंवा सरकारी नोकर म्हणून काही वर्षे काढलेली माणसे पुढे त्याच्या राजधानीत, म्हणजे व्हाइटहॉर्समध्ये, येऊन राहतात. परंतु जोडलेली माणसे मागे उत्तरेतच राहतात. त्यांना भेटावयाचे तर उत्तर ध्रुववृत्त ओलांडून जावे लागते. मोटारीने जावयाचे असेल, तर व्हाइटहॉर्सहून डॉसन शहराच्या अलीकडील फाट्यापर्यंत एक पूर्ण दिवस मोडतो, आणि तेथून खरी वाट सुरू होते. या वाटेचे नाव डेम्पस्टर महामार्ग. हा रस्ता सुमारे ७४० किलोमीटर लांब, बहुतेक सारा खडीचा असून तो मॅकेंझी नदीच्या मुखाजवळील इनुविक या गावी पोहोचतो. असा प्रवास करणारे जाणते लोक बहुधा ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर महिना निवडतात. ही निवड केवळ हौसेची नव्हे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

उत्तरेकडील शरद ऋतू फार थोड्या दिवसांचा असतो. ऑगस्ट संपता संपता थंडीची चाहूल लागते, डास नाहीसे होतात आणि पानांतील हरितद्रव्य झपाट्याने ओसरू लागते. येथे उंच वृक्ष थोडे आहेत. खुजा बर्च, वाळुंज, ब्लूबेरी यांची गुडघाभर उंचीची झुडपेच मैलोन्‌मैल पसरलेली असतात. त्यामुळे रंग डोक्यावर दिसत नाही, तो पायांखाली पसरतो. बर्च तांबडा होतो, वाळुंज पिवळा पडतो, आणि अस्वलबेरीची जमिनीलगतची पाने गडद किरमिजी होतात. त्याच सुमारास दिवसही भराभर आखडू लागतो. इनुविकला सप्टेंबरात तो रोज सुमारे सात ते आठ मिनिटांनी कमी होतो. उन्हाळ्यात जेथे सूर्य जवळजवळ दोन महिने मावळत नाही, तेथे पुन्हा रात्र पडू लागते आणि आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पट्टे दिसू लागतात.

परंतु प्रवाशाला घाई असते ती नद्यांमुळे. डेम्पस्टर महामार्गाच्या वाटेत पील आणि मॅकेंझी या दोन मोठ्या नद्या आडव्या येतात आणि दोहोंवरही पूल नाही. साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत येथे फेरीबोटी चालतात. हिवाळ्यात नदीचे पाणी इतके जाड गोठते की त्या बर्फावरूनच मालमोटारी जातात. त्याला बर्फाचा पूल म्हणतात. प्रश्न असतो तो या दोहोंमधील काळाचा. पाण्यावर बर्फाचे तुकडे वाहू लागले की बोट थांबवावी लागते. पण बर्फ वजन पेलण्याइतका जाड होण्यास आणखी कित्येक आठवडे लागतात. या अवधीत पलीकडील गावांचा दक्षिणेशी रस्त्याने असलेला संबंध तुटतो. वसंतात बर्फ फुटतो तेव्हाही तसेच घडते. म्हणून तेथील गृहिणी शरदात साठवणीची तयारी करते आणि पाहुणाही बोट बंद होण्यापूर्वी परतण्याचा हिशेब मनाशी ठेवूनच निघतो.

माणसे एकमेकांना भेटण्यासाठी या वाटेने जात होती, ती रस्ता होण्याच्या कितीतरी आधीपासून. पील नदीच्या खोऱ्यात राहणारे तेतलित ग्विचिन हे आदिवासी लोक शिकार, व्यापार आणि नातेसंबंध यांसाठी डोंगरांच्या या रांगा ओलांडीत असत. १८९६ मध्ये क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि डॉसन शहर वसले. तेव्हा ग्विचिन शिकारी तेथील खाणकामगारांना कॅरिबूचे मांस विकण्यासाठी कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन जाऊ लागले. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडियर. कोणत्या ओढ्याने वर चढावयाचे, कोणत्या खिंडीतून उतरावयाचे, हे ज्ञान त्या लोकांच्या स्मृतीत होते. नकाशावर ते नव्हते.

त्या ज्ञानाची किंमत १९११ साली कळून आली. डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्या दरम्यान घोडदळ पोलिसांची एक तुकडी दर हिवाळ्यात टपाल घेऊन जात असे. २१ डिसेंबर १९१० रोजी निरीक्षक फिट्झजेराल्ड तीन सोबत्यांसह फोर्ट मॅकफर्सनहून निघाला. प्रवास लवकर संपवावा, या इच्छेने त्याने अन्नसामग्री बेताचीच घेतली. वाटेत ईसॉ जॉर्ज नावाच्या ग्विचिन माणसाने काही दिवस वाट दाखविली. परंतु नववर्षाच्या दिवशी त्याला मजुरी देऊन निरोप देण्यात आला. तुकडीतील कार्टर नावाच्या माजी शिपायाने ही वाट एकदाच, आणि तीही उलट दिशेने पाहिली होती. त्याच्यावर सारी भिस्त राहिली. ज्या ओढ्यावरून डोंगर चढावयाचा तो ओढा त्यांना सापडेना. शोधात मोलाचे दिवस गेले, अन्न संपले. माघारी फिरताना त्यांनी गाडीची कुत्री मारून खाल्ली. अखेर फोर्ट मॅकफर्सन थोड्याच मजलांवर राहिले असता चौघेही मृत्युमुखी पडले.

त्यांच्या शोधार्थ फेब्रुवारीच्या अखेरीस डॉसनहून कॉर्पोरल डेम्पस्टर निघाला. त्याच्या सोबत चार्ल्स स्ट्यूअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चमध्ये त्यांना मृतदेह सापडले आणि फोर्ट मॅकफर्सन येथे त्यांचे दफन झाले. आजही प्रवासी त्या थडग्यांपाशी थांबतो. रस्त्याला नाव मिळाले ते डेम्पस्टरचे. पण या कथेचा अर्थ स्ट्यूअर्ट आणि ईसॉ जॉर्ज यांना वगळून लागत नाही.

मोटाररस्त्याची कल्पना पुढे आली ती तेल आणि खनिजे यांच्या आशेने. १९५८ मध्ये पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या सरकारने तो बांधण्याचे ठरविले आणि पुढील वर्षी काम सुरू झाले. सुमारे ११५ किलोमीटर झाल्यावर खर्चामुळे ते १९६१ मध्ये थांबले. १९६८ साली शेजारच्या अलास्कात प्रुडो बे येथे तेलाचा मोठा साठा सापडला, तेव्हा या कामाला पुन्हा चालना मिळाली आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी रस्ता वाहतुकीस खुला झाला. तेलासाठी आखलेला हा रस्ता मग आप्तस्वकीयांच्या भेटी, लग्ने, अंत्यविधी, दवाखाना आणि बाजार यांच्या कामी येऊ लागला.

या रस्त्याची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. या भागातील जमीन काही हात खोलीनंतर बाराही महिने गोठलेली असते. उन्हाळ्यात केवळ वरचा पातळ थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालच्या थरात माती आणि बर्फ एकजीव झालेले असतात; बर्फ आहे तोवर ती भूमी खडकासारखी टणक, आणि तो वितळला की चिखल. नेहमीच्या रीतीने वरचे शेवाळ खरवडून रस्ता खोदला, तर जमिनीवरचे पांघरूणच निघून जाते आणि उन्हाची ऊब खाली उतरते. म्हणून येथे खोदण्याऐवजी भर घालण्यात आली. शेवाळ आणि झुडपे तशीच ठेवून त्यांवर खडीचा भराव टाकला. तो कोठे सव्वा, तर कोठे अडीच मीटरपर्यंत जाड आहे. हा भराव वाहनांचे वजन पेलतो. परंतु उन्हाळ्याची उष्णता खाली पोहोचू न देणे, हे त्याचे तितकेच महत्त्वाचे काम आहे. खालची भूमी गोठलेली राहावी म्हणून वर रस्ता जाड करावयाचा, असा हा उलटा न्याय आहे.

प्रवासाचा क्रम साधारणपणे असा असतो. आरंभीच्या टूमस्टोन पर्वतांत काळे, टोकदार सुळके दिसतात. त्यापुढील सुमारे १,३०० मीटर उंचीच्या खिंडीवर रस्त्याचा माथा येतो. ओगिल्वी पर्वताच्या पुष्कळशा भागावर गेल्या हिमयुगात हिमनद्या पसरल्या नव्हत्या. त्यामुळे तेथील डोंगर गोलसर आणि दऱ्या नदीने कोरलेल्या दिसतात. ३६९ व्या किलोमीटरवर ईगल प्लेन्स येथे एक खाणावळ, निवास आणि पेट्रोलपंप आहे. प्रारंभापासून तेथवर पेट्रोल कोठेही मिळत नाही. खडीतील अणकुचीदार दगड टायर फाडतात, म्हणून अनुभवी माणूस एकाऐवजी दोन जादा चाके बरोबर घेतो. वाटेत कोणाची गाडी बंद पडलेली दिसली, तर न थांबता पुढे जाण्याची तेथे रीत नाही.

४०५ व्या किलोमीटरवर ध्रुववृत्त ओलांडले जाते आणि पुढे रिचर्डसन पर्वताची रांग लागते. शरदात येथे कधी कधी पॉर्क्युपाइन कळपातील कॅरिबू दिसतात. २०१७ च्या गणनेत या कळपात सुमारे २,१८,००० जनावरे आढळली होती. उत्तरेला समुद्रकाठच्या मैदानात त्यांची वीण होते आणि हिवाळा घालविण्यासाठी ती डोंगरांच्या आश्रयाला येतात. कळपाच्या अग्रभागी असलेली जनावरे न मारता पुढे जाऊ द्यावी, म्हणजे मागचे त्याच वाटेने येतात, असा ग्विचिन वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. भेट होणार की नाही, हे ठरविणे मात्र कॅरिबूंकडेच असते. एखाद्या वर्षी ते रस्त्यावरून जातात, एखाद्या वर्षी दुरूनच निघून जातात.

पील नदी ओलांडली की फोर्ट मॅकफर्सन येते. ग्विचिन भाषेत त्याचे नाव तेतलित झेह. नदीकाठी मासेमारीचे तळ असतात. तेथे मासे चिरून, काठ्यांवर टांगून, धूर देऊन सुकविले जातात. पाहुण्यापुढे हे सुके मासे आणि चहा आपोआप येतात. पाहुण्यानेही रिकाम्या हाताने जावयाचे नसते. दक्षिणेकडील ताजी फळे आणि भाज्या लांबच्या वाहतुकीमुळे येथे फार महाग पडतात. त्यामुळे सफरचंदांची पेटी ही मोठी भेट ठरते. आभार मानताना ‘माहसी’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच ‘मेर्सी’वरून आला असून जुन्या फर-व्यापाराची ती खूण आहे. पुढे मॅकेंझीवरील दुसऱ्या बोटीपाशी त्सिगेचिक हे गाव लागते. तेथून सुमारे १३० किलोमीटरांवर इनुविक.

इनुविक हे आखून वसविलेले गाव आहे. नदीच्या त्रिभुज प्रदेशातील अक्लाविकला पूर आणि खचती जमीन यांचा उपद्रव होत असल्याने १९५० नंतरच्या दशकात नवी जागा निवडण्यात आली. येथील घरे जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. घराच्या उबेने खालची भूमी वितळू नये म्हणून मधून गार हवा खेळती ठेवलेली असते. पाणी आणि सांडपाणी यांचे नळही जमिनीवरून, उष्णतारोधक आवरणातून नेलेले आहेत. येथे ग्विचिन, इनुविआलुइट आणि बाहेरून आलेले लोक शेजारी शेजारी राहतात.

उत्तर महासागराच्या काठावरील टुक्टोयाक्टुक या इनुविआलुइट गावी पूर्वी हिवाळ्यात नदीच्या आणि समुद्राच्या बर्फावरून जावे लागे. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी इनुविकपासून तेथपर्यंतचा सुमारे १३८ किलोमीटरांचा रस्ता सुरू झाला. या वाटेवर ‘पिंगो’ नावाच्या टेकड्या दिसतात. त्यांच्या पोटात मातीऐवजी बर्फ असतो. वरवर गोठणारे पाणी खालून जमिनीला उचलून धरते आणि टेकडी वाढते. इब्युक हा त्यांतील प्रसिद्ध पिंगो सुमारे ४९ मीटर उंच आहे.

ज्या गोठलेल्या भूमीवर हे सारे उभे आहे, ती आता ऊब धरू लागली आहे. पील नदीच्या पश्चिमेकडील पठारावर जुना बर्फ वितळून डोंगरउतार खचतात आणि चिखलाचे मोठे लोंढे ओढ्यांत उतरतात. रस्त्याला पोक येतात, कडा खाली बसतात, आणि त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा खडी घालावी लागते. टुक्टोयाक्टुकचा किनारा समुद्र खात चालला आहे. काही घरे आत हलवावी लागली. नदी केव्हा गोठेल याचे वडिलोपार्जित अंदाज चुकू लागले, तर बोट आणि बर्फाचा पूल यांमधील तुटलेला काळही बेभरवशाचा होतो. ज्या घरातील म्हातारी आई नदीच्या एका काठाला आणि लेक दुसऱ्या काठाला आहे, तेथे ही भूगोलाची गोष्ट राहत नाही.

या रस्त्याने जुन्या मित्राकडे निघालेला माणूस आजही प्रथम बोटीची चौकशी करतो, मग आकाशाकडे पाहतो, आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी पुढच्या वाटेची विचारपूस करतो. यजमानही निरोप देताना त्याला फार थांबवून ठेवीत नाही. सुक्या माशांची पुरचुंडी हातात देऊन तो म्हणतो, नदीवर बर्फ वाहू लागण्याआधी पलीकडे हो. पूल धरला की पुन्हा ये.