मुकी झालेली खिडकी

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. माझ्या ब्याण्णव वर्षांच्या आत्याबाई कोंकणांतल्या जुन्या घराची हकीकत सांगत होत्या आणि मी ती संगणकावर टंकीत होतों. संगणक युनिक्स पद्धतीचा, खिडकी टर्मिनलची. दोन तासांनीं, लिहिलेलें जपून ठेवावें म्हणून, दुसरीकडच्या संवयीनें मीं कंट्रोल आणि एस या कळा एकदम दाबल्या. त्याबरोबर खिडकी मुकी झाली. कोणतीहि कळ दाबा, अक्षर उमटेना. कळफलक बिघडला असें समजून मीं खिडकीच मिटली, आणि सात पानें गेलीं.

वस्तुतः कांहींच बिघडलें नव्हतें. दुसऱ्या खिडकींत चार अक्षरें टंकून पाहिलीं असतीं तरी कळफलकाचें निर्दोषत्व सिद्ध झालें असतें! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दूरध्वनीवर उलगडा केला तो असा.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. त्या काळीं संगणकाशीं बोलावयाचें तें टेलिटाइप यंत्रानें. १९६३ सालचें ३३ क्रमांकाचें यंत्र सेकंदाला दहा अक्षरें छापी आणि छिद्रें पाडलेली कागदी पट्टीहि वाची. पट्टीला 'थांब' सांगणारी खूण १९ या अंकाची, 'चालूं दे' सांगणारी १७ ची. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू आजहि त्याच खुणा पाठवितात. यंत्र गेलें, पण कळफलक व कार्यक्रम यांच्यामध्यें बसणारा त्याच्या काळचा दुभाष्या राहिला. 'थांब' म्हणतांच तो पडद्यावरचें छापणें थांबवितो. आपण दाबलेल्या कळा मात्र सांठवून ठेवितो. क्यू दाबतांच सर्व मोकळें होतें. म्हणून रागानें भलभलत्या कळा बडवूं नयेत, त्यांचाहि अंमल होतो. आत्याबाईंचें बोलणें त्या दिवशीं खिडकीमागें शाबूत होतें. तें मीं माझ्या हातानें पुसलें.

दुसरी तक्रार बॅकस्पेसची. अक्षर खोडावयास जावें तों छपरासारखी खूण आणि पुढें एच किंवा प्रश्नचिन्ह उमटतें. खोडण्याच्या खुणा दोन, ८ आणि १२७. खिडकी एक पाठविते, दुभाष्या दुसरीची वाट पाहतो. १२७ म्हणजे पट्टीवर सातही छिद्रें पाडणें, चुकलेलें अक्षर बुजविण्याची जुनी युक्ति. उपाय असा: एसटीटीवाय, मोकळी जागा, इरेज, मोकळी जागा, मग कंट्रोल-व्ही, बॅकस्पेस आणि शेवटीं एंटर.

एखादा कार्यक्रम मध्येंच कोसळला तर टंकलेलें दिसेनासें होतें. तेव्हां न दिसतां कंट्रोल-जे, एसटीटीवाय सेन, पुन्हां कंट्रोल-जे असें टंकावें. सेन म्हणजे शहाणा. दुभाष्या खरोखरच शुद्धीवर येतो. परवलीचा शब्द टंकितांना अक्षरें दिसत नाहींत, तो मात्र दोष नव्हे.

मीं आतां 'थांब' ही खूणच बंद केली आहे: एसटीटीवाय, मोकळी जागा आणि उणे चिन्ह जोडून आयएक्सओएन. आत्याबाईंनीं हकीकत पुन्हां सांगितली, पण थोडक्यांत.